तारेचेही अभिहस्तांतरण हवे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



'शहरातील सामाईक मालमत्ता' हा आजच्या वर्गाचा विषय. पाणी, रस्ते, मैदाने, बसगाड्या यांविषयी मी बोलेन अशी आपली अपेक्षा असेल. मी मात्र आपले लक्ष इमारतीच्या भिंतीआड दडलेल्या एका तारेकडे वेधणार आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु मालकीचा मूलभूत प्रश्न या तारेत जितका स्पष्ट दिसतो, तितका आज क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

पूर्वी इमारतीत प्रत्येक कामाची तार वेगळी असे. लिफ्टची निराळी, टेलिफोनची निराळी, दारावरच्या घंटेची निराळी. आता नव्या इमारतींत दिवे, वातानुकूलन, पाण्याचे पंप, कॅमेरे, फाटक, विजेचे मीटर अशी अनेक यंत्रणा एकाच सामाईक जाळ्यावर आणता येतात. संदेश आणि वीज एकाच तारेतून नेण्याचे मानक २००३ साली ठरले आणि पुढे दिवासुद्धा संगणकाच्या तारेवर पेटू लागला. ॲमस्टरडॅममधील 'द एज' ही कार्यालयीन इमारत याचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

हा बदल अर्थशास्त्राच्या दृष्टीने योग्यच आहे. अशा जाळ्याचा मुख्य खर्च ते टाकण्यात असतो. एकदा टाकल्यावर आणखी एक यंत्र जोडण्याचा खर्च नगण्य असतो. जॉन स्टुअर्ट मिलने १८४८ सालच्या आपल्या ग्रंथात लंडनच्या गॅस व पाणी कंपन्यांबाबत हाच मुद्दा मांडला होता. एकाच वस्तीला अनेक कंपन्यांनी वेगवेगळे नळ टाकणे हा श्रमाचा अपव्यय आहे. जिथे खरी स्पर्धा संभवतच नाही, तिथे ते काम सार्वजनिक मानावे, असे त्याचे प्रतिपादन होते. एका इमारतीत पाच तारांऐवजी एक तार असावी, याविषयी आपला वाद असण्याचे कारण नाही.

वाद आहे तो पुढे. वापर सामाईक झाला म्हणजे मालकी सामाईक होते असे नाही. किंबहुना सर्व यंत्रणा एका तारेवर आल्या, की ती तार ज्याच्या हाती, त्याच्या हाती सारी इमारत जाते.

माझाच अनुभव सांगतो. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीत पंप, फाटक आणि जिन्यातले दिवे एकाच जाळ्यावर आहेत. देखभालीचा करार संपला तेव्हा सभासदांनी कमी दराचा दुसरा कंत्राटदार नेमला. तो आला आणि हात बांधून उभा राहिला, कारण यंत्रणेचा पासवर्ड जुन्या कंत्राटदाराकडे होता आणि तो देण्यास तयार नव्हता. नऊ दिवस आमचा रखवालदार पहाटे चार वाजता उठून पंप हाताने सुरू करीत होता. दहाव्या दिवशी आम्ही जुन्याच कंत्राटदाराशी, त्याने सांगितलेल्या दराने, नवा करार केला. तारेची किंमत आम्ही घरांच्या किमतीत केव्हाच मोजली होती. किल्ली मात्र आमची नव्हती.

हे केवळ आमच्या नशिबी आले असे नाही. घरातील दिवे आणि उपकरणे जोडणारे 'रिव्हॉल्व्ह' नावाचे यंत्र अमेरिकेत विकले जात असे. गूगलच्या मालकीच्या नेस्ट कंपनीने तो व्यवसाय विकत घेतला आणि २०१६ च्या मे महिन्यात त्याची सेवा बंद केली. लोकांनी पैसे मोजून घेतलेली यंत्रे घरातल्या घरात निरुपयोगी झाली. वस्तू ग्राहकाची आणि तिचा प्राण कंपनीकडे, असा हा व्यवहार आहे.

यावर उपाय नाही असे मुळीच नाही. अमेरिकेतील वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेने १९८७ साली काम सुरू करून १९९५ साली 'बॅकनेट' ही खुली संकेतप्रणाली सिद्ध केली. निरनिराळ्या कारखान्यांची यंत्रे तिच्याद्वारे परस्परांशी बोलू शकतात. स्टॉकहोम नगरपालिकेने १९९४ साली 'स्टोकॅब' ही स्वतःची कंपनी काढली. ती ग्राहकांना सेवा विकत नाही. शहरभर टाकलेले ऑप्टिकल फायबर सर्व कंपन्यांना समान अटींवर भाड्याने देते. तार समाजाची, स्पर्धा सेवेत, असे हे सूत्र आहे. आपल्या मुंबईनेही ७ ऑगस्ट १९४७ रोजी वीज व ट्राम कंपनी महापालिकेच्या ताब्यात घेतली होती, हे विसरू नये.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. सारे एकाच तारेवर आणले तर एका चोराला सारे घर मोकळे होणार नाही काय? २०१३ साली अमेरिकेतील 'टार्गेट' या दुकानसाखळीत हेच घडले. शीतयंत्रणेच्या एका कंत्राटदाराला बिले वगैरे पाठविण्यासाठी दिलेला प्रवेश चोरांच्या हाती लागला. तेथून ते गल्ल्यापर्यंत पोहोचले आणि सुमारे चार कोटी कार्डांची माहिती गेली. यातून तारा पुन्हा वेगळ्या कराव्यात असा निष्कर्ष निघत नाही. एकाच तारेवर कप्पे स्वतंत्र ठेवता येतात, आणि कोणाला कोणत्या कप्प्यात प्रवेश द्यायचा हे ठरविता येते. पण ते ठरविणार कोण? पुन्हा प्रश्न मालकीपाशीच येतो.

आणि मालकी सभासदांची झाली म्हणून आपले काम संपत नाही. हेच जाळे घरकाम करणाऱ्या बाई किती वाजता आल्या, सफाई कामगार कुठे किती वेळ थांबला, याची नोंद ठेवते. ज्यांचे श्रम मोजले जातात, त्यांना त्या सभेत मत नाही. सहकाराचे नाव घेऊन आपण मालकांची एक छोटी टोळी तर उभी करीत नाही ना, हे आपल्याला स्वतःलाच विचारावे लागेल.

महाराष्ट्राला ही लढाई नवी नाही. १९६३ च्या मोफा कायद्याने जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून देण्याचे बंधन विकासकावर घातले. तरी असंख्य संस्था वर्षानुवर्षे ताटकळत राहिल्या आणि अखेर २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग खुला करावा लागला. जमिनीच्या बाबतीत जे भोगले, ते तारेच्या बाबतीत पुन्हा का भोगावे? दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२४ साली इमारतींना संपर्कसुविधेनुसार तारे देण्याची पद्धत आणली. सुविधा मोजणे चांगलेच; पण ती सुविधा कोणाच्या मालकीची, हे आपणच विचारले पाहिजे.

आपल्यापैकी अनेकांच्या वस्तीत आज पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. सभासद चटईक्षेत्र आणि भाडे यांवर तासन्‌तास चर्चा करतात. जाळ्याविषयी करारनाम्यात बहुधा एक ओळही नसते. तिथे चार कलमे घालण्याचा आग्रह धरा. तारेचे जाळे आणि त्याचा नकाशा संस्थेच्या मालकीचा असावा. सर्व पासवर्ड ताबा देतानाच संस्थेच्या हवाली व्हावेत. यंत्रणा खुल्या संकेतप्रणालीवर चालणारी असावी. आणि माणसांच्या ये-जा करण्याची नोंद किती दिवस ठेवायची व कोणी पाहायची, हे तेथे राबणाऱ्यांना विश्वासात घेऊन ठरावे.

सही होण्यापूर्वी ही कलमे घालण्यास फारसा खर्च येत नाही. सही झाल्यावर मात्र पहाटे चारला उठण्याची पाळी येते, आणि ती बहुधा सभासदावर नव्हे, रखवालदारावर येते. पुढच्या सभेला जाताना एवढे ध्यानात ठेवावे, अशी माझी विनंती आहे.