मॉडेल रेल्वे आणि संगणक

डिजिटल मॉडेल रेल्वेत प्रत्येक इंजिनाच्या पोटात हुकूम समजून घेणारा डीकोडर असतो. वीज आणि हुकूम, दोन्ही त्याच रुळांतून येतात. हे हुकूम संगणकावरून द्यायचे, तर सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं?

पहिलं पाहायचं ते हे, की रुळांत हुकूम सोडणाऱ्या आपल्या कमांड स्टेशनशी त्याचं जमतं का. तिथंच घोडं अडलं तर बाकी सगळं फोल.

नवख्यानं जेएमआरआय घ्यावं, असं माझं स्पष्ट मत. ते मोफत आहे. विंडोज, मॅक, लिनक्स, अगदी चिमुकल्या रास्पबेरी पायवरही चालतं. त्यातला डीकोडरच्या सेटिंग्ज बदलणारा डीकोडरप्रो तर फारच कामाचा. इंजिन उलट्या दिशेनं धावतंय? एरवी सीव्ही 29 या सेटिंगचा आकडा हिशेब करून बदलायचा. इथं पडद्यावर दिशा निवडली, की झालं.

गाड्या वेळापत्रकाप्रमाणे आपोआप धावायला हव्या असतील, तर ट्रेनकंट्रोलर, आयट्रेन अशी विकतची सॉफ्टवेअरं आहेत. पण गाडी कोणत्या टप्प्यात आहे, हे कळवणारे सेन्सर रुळांना जोडलेले नसतील, तर महागडं सॉफ्टवेअरही आंधळंच.

तेव्हा पैसे मोजण्याआधी चाचणी आवृत्ती आपल्याच रुळांवर चालवून पाहा.