गुडघ्यामागची पाण्याची गाठ

मी फौजेतून निवृत्त झालेला माणूस, डॉक्टर नव्हे. तरी आज गुडघ्याबद्दल बोलणार आहे, कारण साठी ओलांडल्यावर माझ्या डाव्या गुडघ्यामागे, पाय दुमडतो तिथे लवणीत, लिंबाएवढी मऊ गाठ आली. उभं राहिलं की ताण, मांडी घालायला गेलं की अडचण. सोनोग्राफी झाली आणि नाव कळलं, बेकर्स सिस्ट. विल्यम मॉरंट बेकर या इंग्रज सर्जनने १८७७ साली तिचं वर्णन केलं, म्हणून हे नाव.

आता ही गाठ येते कशी? गुडघ्याच्या सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा झिजला, कूर्चा फाटली किंवा संधिवात झाला की हा द्रव जास्त तयार होतो. तो मागच्या बाजूच्या पिशवीत शिरतो आणि बहुतेक वेळा तिथेच अडकतो. म्हणजे गाठ मागे दिसते, पण दुखणं असतं सांध्यात. भिंतीला ओल आली तर नुसता रंग देऊन भागत नाही, गळका पाइप शोधावा लागतो. म्हणूनच सुईने पाणी काढलं तरी मूळ दुखणं राहिलं तर गाठ पुन्हा भरू शकते.

डॉक्टरांनी निदान पक्कं केल्यावर घरी करण्यासारखं पुष्कळ आहे. पाय दुखत असेल तेव्हा जिने, उकिडवं बसणं आणि मांडी घालणं काही दिवस बंद. जेवायला, पूजेला खुर्ची घ्या, देव रागावत नाही. बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर बर्फ डॉक्टरांना विचारूनच. क्रेप बँडेज बांधलंत तर बोटं निळी पडत नाहीत ना, मुंग्या येत नाहीत ना, हे पाहा. तसं झालं तर लगेच सैल करा. आडवं पडताना पाय उशीवर उंच ठेवा.

सूज ओसरली की व्यायाम. पाय सरळ ठेवून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, मांडीचे स्नायू आवळून गुडघा खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा. दुखणं वाढलं तर थांबा. मांडी मजबूत झाली की सांध्याला आधार मिळतो. वजन कमी केलं तर गुडघ्यावरचा भार हलका होतो. वेदनाशामक गोळ्या मात्र मनाने घेऊ नका, विशेषतः रक्तदाब, मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्त पातळ करण्याचं औषध चालू असेल तर.

गाठ दाबून फोडणं, टोचणं, जोरात चोळणं, हे अजिबात नको. लेप लावून आतलं पाणी शोषलं जात नाही. उलट चुन्यासारख्या गोष्टींनी कातडी भाजते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या जुन्या पलटणीतल्या एका निवृत्त सुभेदारांना अशीच गाठ दोन वर्षं होती. एका सकाळी त्यांची पोटरी फुगली, लाल आणि गरम झाली. घरचे म्हणाले, गाठच वाढली असेल. तेल कोमट करायला ठेवलं. त्यांचा फोन आला तेव्हा मी एवढंच म्हटलं, "सुभेदार साहेब, पाय कुणाला चोळू देऊ नका. आत्ता दवाखान्यात जा." डॉप्लर तपासणीत शिरेत रक्ताची गुठळी निघाली. वेळेवर उपचार मिळाले, आज ते नातवाला शाळेत सोडायला जातात.

गाठ फुटली तरी पोटरी अशीच सुजते आणि दुखते. गाठ फुटली की गुठळी झाली, हे नुसतं बघून सांगता येत नाही. गुठळी फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. म्हणून एका पायाची पोटरी अचानक सुजली तर त्याच दिवशी डॉक्टर. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर ताबडतोब रुग्णवाहिका, १०८ किंवा ११२. गाठ नाडीसारखी उडत असेल, ताप असेल, पाऊल थंड किंवा बधिर पडलं असेल तरीही थांबू नका.

घरगुती काळजी जरूर घ्या, पण ती निदानानंतर. घरात कुणाला अशी गाठ असेल तर पोटरीची ही खूण त्यांना आजच सांगून ठेवा.