परदेशी शिक्षण : आपली प्रत आपणच पारखावी



पेठेत गुळाचा भाव रंग व कणी पाहून ठरतो. अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशी निघालेल्या विद्यार्थ्यानेही आपली प्रत अशीच पारखावी.

जर्मनीत १ श्रेणी सर्वोत्तम, ४ जेमतेम उत्तीर्ण. कमाल गुणांकातून आपला गुणांक वजा करावा, कमाल व किमान उत्तीर्ण गुणांकांतील फरकाने भागावे, ३ ने गुणावे आणि १ मिळवावा. उत्तीर्णतेस १० पैकी ४ लागत असतील, तर ८ गुणांकाची श्रेणी २.० होते, ७ ची २.५. ही श्रेणी इच्छित अभ्यासक्रमाच्या जाहीर अटीशी ताडून पाहावी.

अमेरिकेत असे एकच सूत्र नाही. अनेक विभागांनी जीआरई ऐच्छिक केल्याने तेथे प्रकल्प, हेतुपत्र आणि काम जवळून पाहिलेल्या प्राध्यापकांची शिफारस यांचे वजन वाढते. म्हणून काही अर्ज आवाक्याबाहेरचे, काही बरोबरीचे, काही खात्रीचे असावेत.

घर तारण ठेवण्यापूर्वी हा हिशेब आईवडिलांसमोर मांडावा. प्रवेश नाकारला गेला तर पुढील वर्षी पुन्हा अर्ज करता येतो; फुगवलेल्या आशेवर काढलेले कर्ज मात्र साऱ्या कुटुंबाला फेडावे लागते.