लॅपटॉपची टाकी केवढी असावी?



कवीला आकाशवाणीवर बोलावले की तो कविता म्हणेल, फार तर पावसावर बोलेल, अशी आपली समजूत असते. मी आज बोलणार आहे ते गेम खेळण्याच्या लहान लॅपटॉपवर, आणि त्यातही एकाच प्रश्नावर: त्यात साठा किती असावा? 'गेम' हा शब्द ऐकून ज्या वडीलधाऱ्यांचा हात रेडिओच्या बटणाकडे गेला असेल त्यांनी जरा दम धरावा. लॅपटॉप पोरगा वापरणार असला तरी पैसे तुमच्याच गाठीचे जाणार आहेत.

आमच्या तेल्हारा तालुक्यात ही खरेदी साधारण दोन वेळा होते. एक, पोराचे नाव कॉलेजात लागले की. दुसरी, कापूस-सोयाबीन विकले की. बरा गेम चालवील असा लॅपटॉप साठ-सत्तर हजारांच्या पुढेच असतो. एवढी रक्कम कास्तकाराच्या घरातून वर्षात एकदा निघते, आणि कधी कधी तीही निघत नाही. दुकानदार विचारतो, "पाचशे बाराचा देऊ का एक टीबीचा?" बाप पोराकडे पाहतो, पोरगा मोबाइलकडे पाहतो. मग खिसा गरम असेल तर "मोठाच द्या", नसेल तर "लहान चालते" असे ठरते. दोन्ही उत्तरे खिशाने दिलेली असतात. गरज कोणी विचारत नाही.

आधी एक घोळ मिटवून घेऊ. दुकानदार एका दमात तीन आकडे सांगतो: सोळा, आठ, पाचशे बारा. तिघांच्याही मागे जीबीच. यातली सोळा ही रॅम, म्हणजे काम चालू असताना सामान पसरायचा ओटा. आठ ही ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी, चित्र उभे करण्यापुरती. आणि पाचशे बारा हा साठा, म्हणजे घरातली कोठी. वीज गेली, लॅपटॉप बंद झाला तरी कोठीतले जागच्या जागी राहते. ओट्यावरचे पुसले जाते. आपण आज कोठीबद्दल बोलतो आहोत. पण ओटाच अपुरा असेल तर कोठी भरलेली असून स्वयंपाक रखडतो, हेही ध्यानात असू द्या.

आता पाचशे बारा म्हणजे किती? नवा लॅपटॉप उघडून पाहिला तर तिथे चारशे शहात्तरच्या आसपास आकडा दिसतो. एक टीबीवाल्याला नऊशे एकतीस दिसतात. पुष्कळांना वाटते, बाजारात कापसाच्या वजनाला लागतो तसा इथेही कडता लागला. तसे नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या मापाने मोजतात आणि विंडोज एक हजार चोवीसच्या मापाने. आपल्याकडे जुन्या काळी पायली गावोगाव वेगळी असे. धान्य तेवढेच, माप बदलले की आकडा बदले. त्यातलाच हा प्रकार. दुकानदाराशी भांडू नका.

यापुढची गोष्ट समजायला तेल्हाऱ्याच्या माणसाला दूर जावे लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी वारी भैरवगडला वान नदीवर आपले धरण आहे, हनुमान सागर. त्याचा उपयुक्त साठा सुमारे ८२ दशलक्ष घनमीटर. पावसाळ्यात वर्तमानपत्रात आकडे येतात तेव्हा एक शब्द 'मृतसाठा' असाही असतो. म्हणजे धरणात पाणी दिसते, पण दरवाजाच्या पातळीखालचे असल्याने आपल्याला सोडता येत नाही. डिस्कमध्येही असाच मृतसाठा असतो. विंडोज, त्याच्या दुरुस्तीसाठी राखलेला कोपरा, अपडेटसाठी आधीच धरून ठेवलेली जागा, झोपेत जाताना रॅममधले उतरवून ठेवण्याची फाइल, आणि कंपनीने न विचारता भरून दिलेले कार्यक्रम, असे सगळे मिळून पन्नास-साठ जीबी सहज जातात. ती जागा तुमच्या नावावर असते, पण तुम्हाला वापरता येत नाही.

शिवाय एसएसडी, म्हणजे आजच्या लॅपटॉपमधली चिपची डिस्क, गळ्यापर्यंत भरू नये. ती नवीन लिहिताना आतल्या आत सामानाची हलवाहलव करते आणि त्यासाठी तिला मोकळी जागा लागते. जागा संपत आली की लिहिण्याचा वेग पडतो. अंदाजे पाचवा हिस्सा रिकामा ठेवावा. मोठ्या गेमचे अपडेट आले की काही वेळा जुन्या फाइली ठेवून बाजूला नव्या बांधल्या जातात, तेव्हाही ही मोकळी जागाच कामी येते.

हिशेब करून पाहा. ४७६ मधून साठ गेले, पाचवा हिस्सा म्हणजे पंच्याण्णव गेले. हाती राहिले सव्वातीनशेच्या जवळपास. एक टीबीत याच हिशेबाने पावणेसातशेच्या वर उरतात. आणि २५६ जीबीचा घेतला तर जेमतेम एकशे तीस.

एकशे तीस जीबी हा आकडा मला फार मोठा वाटायचा. माझा धंदा शब्दांचा. देवनागरीचे एकेक अक्षर, काना-मात्रा वेगळी धरून, युनिकोडच्या यूटीएफ-८ मांडणीत तीन बाइट घेते. पस्तीस वर्षांत लिहिलेल्या माझ्या सगळ्या कविता, फाडायला हव्या होत्या त्यासुद्धा धरून, दोन एमबीत बसतात. आणि 'रेड डेड रिडेम्प्शन २' या एका गेमसाठी बनवणारेच १५० जीबी जागा मोकळी ठेवायला सांगतात. म्हणजे माझ्यासारखे पंच्याहत्तर हजार कवी एका घोडेस्वाराच्या पोटात जातात. महाराष्ट्रात तेवढे कवी निघतीलही, तो भाग वेगळा.

'बाल्डर्स गेट ३' लाही १५० लागतात. 'फोर्झा होरायझन ५' ला ११०, 'सायबरपंक २०७७' ला ७०. एवढे वजन येते कुठून? गोष्ट आणि नियम यांचे वजन किरकोळ असते. वजन असते चित्रांचे आणि आवाजाचे. प्रत्येक भिंतीचा पोत, प्रत्येक माणसाचे संवाद, जवळून पाहिले तरी फाटू नये असे बारीक नक्षीकाम. उलट, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये काढलेला 'राजी: अ‍ॅन एन्शन्ट एपिक' हा आपल्या पुराणकथांवरचा गेम अशा परदेशी धुडांच्या मानाने फारच हलका आहे, आणि दिसायला देखणा. तेव्हा आकाराने मोठा तो चांगला, असे गेमचेही नसते.

म्हणजे २५६ हा आकडा गेमसाठी विसरा. त्यात असा एक मोठा गेमही धड मावणार नाही. ५१२ मध्ये दोन मोठे, किंवा एक मोठा आणि चार-पाच हलके. एक टीबीत चार मोठे आरामात. इथवर नुसते गणित आहे, आणि ते दुकानदारही सांगेल. तो एक गोष्ट मात्र विचारत नाही. ती अशी की तुमच्या घरी नेट कसे येते?

पाण्याचेच पाहा. ज्या घरी नळ रोज येतो तिथे दोन घागरी आणि एक माठ पुरतो. अकोल्यात ज्या वस्तीत नळ काही दिवसांच्या अंतराने येतो, तिथे लोक गच्चीवर टाक्या चढवतात, जमिनीत हौद बांधतात. दोन्ही घरांत माणसे तेवढीच आणि तहानही तेवढीच. खारपाणपट्ट्यातल्या बाईला हे समजावून सांगावे लागत नाही. विहिरीत पाणी दिसते, पण पिता येत नाही, म्हणून गोड्या पाण्याचे भांडे तिच्या घरात कायम भरलेले असते.

गेमही असाच नळाने येतो. आता त्याच्या सीडी जवळपास कोणी विकत नाही; पैसे भरायचे आणि नेटवरून उतरवून घ्यायचे. शहरात ज्याच्या घरी तारेचे नेट आहे, सेकंदाला तीस मेगाबिटचे जरी धरले, तरी १५० जीबी अकरा-बारा तासांत उतरतात. रात्री लावले की सकाळी तयार. तो पोरगा गेम खेळून झाला की पुसतो, वाटले की पुन्हा उतरवतो. त्याची खरी टाकी कंपनीकडे आहे, घरात फक्त घागर. त्याला ५१२ पुरतात.

आणि दानापूरच्या किंवा हिवरखेडच्या शेतवस्तीवरचा पोरगा, ज्याच्याकडे रोज दोन जीबीचा मोबाइल पॅक आहे? दीडशेला दोनने भागा. पंच्याहत्तर दिवस. तेही त्या पंच्याहत्तर दिवसांत आईने एकही व्हिडिओ पाहिला नाही आणि बापाने कापसाचा भाव पाहिला नाही तर. सोयाबीन पेरल्यापासून शेंगा भरेपर्यंत एक गेम उतरणार. अशा पोराने एकदा उतरवलेले पुसणे म्हणजे भरलेला हौद ओतून देणे. त्याला मोठी टाकी हवी. कमी नेटवाल्याला जास्त साठा, हे ऐकायला उलटे वाटते, पण हिशेब तसाच आहे. आणि नेमक्या या घरांत, पैसे कमी म्हणून, लहान डिस्कचा लॅपटॉप जातो.

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाला शेगावला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला तेव्हा त्याने मला विचारले, "मामू, एक टीबीच घेऊ ना?" त्याच्याबरोबर त्याचा दानापूरचा दोस्त होता, बी.कॉम. करणारा, घरूनच बसने ये-जा करणारा. दोघांना एकाच जातीचा चौदा इंची लॅपटॉप घ्यायचा होता. मी भाच्याला ५१२ सांगितला, कारण वसतिगृहात नेट आहे, आणि उरलेले पैसे रॅमकडे वळव म्हटले. दोस्ताला एक टीबी सांगितला. भाचा दोन दिवस फुगून होता. मामूने परक्याला मोठा सांगितला, आपल्याला लहान! बहिणीनेही फोन केला. लेकरांमध्ये कमी-जास्त करू नये, हे तिचे म्हणणे चूक नाही, पण इथे ते लागू पडत नव्हते.

रॅमकडे वळव म्हणालो त्याला कारण आहे. लहान, पातळ लॅपटॉपमध्ये जागा वाचवायला रॅम बहुधा पाटीवर कायमची डकवलेली असते. नंतर वाढवता येत नाही. ग्राफिक्सचेही तेच. डिस्क मात्र बहुतेक वेळा खाचेत बसवलेली पट्टी असते आणि ती बदलता येते. म्हणून जे बदलता येत नाही त्यावर आधी खर्च करावा. पण लहान लॅपटॉपमध्ये अशी खाच अनेकदा एकच असते. मोठी पट्टी घालायची तर जुनी काढावी लागते, आणि जुनीतले सगळे नवीत उतरवावे लागते. पट्ट्यांच्या लांबीही वेगवेगळ्या: ऐंशी मिलिमीटरची जास्त चालते, तीस मिलिमीटरची छोटी काही यंत्रांत असते. एकीच्या जागी दुसरी बसतेच असे नाही. दोन खाचा असतील तर खुशाल ५१२ घ्या आणि दुसरी पुढच्या हंगामाला भरा. एकच असेल आणि नेट मोबाइलचे असेल, तर आजच मोठी घ्या.

"पुढे डिस्क स्वस्त होईल तेव्हा टाकू" हा सल्ला मी पूर्वी ऐकत आलो, आणि पुष्कळ वर्षे तो खरा ठरला. पण २०२५च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अवाढव्य संगणककेंद्रांनी चिपांची मागणी एवढी वाढवली की रॅम आणि एसएसडी दोन्हींचे भाव चढले. भाव उतरतीलच, असे आता कापसाबद्दल बोलतात तेवढ्याच खात्रीने बोलता येते.

ज्यांनी लहान डिस्कचा लॅपटॉप आधीच घेतला आहे, त्यांनी हळहळू नये. बाहेरून जोडायची साधी हार्ड डिस्क घ्यावी. तिच्यावरून नवे मोठे गेम नीट चालत नाहीत. 'सायबरपंक' आणि 'बाल्डर्स गेट' तर एसएसडीच मागतात. पण तिच्यावर गेम ठेवून देता येतो. खेळायचा तेव्हा आत घ्यायचा, झाला की बाहेर. दीडशे जीबी असे हलवायला अर्धा-पाऊण तास लागतो. पंच्याहत्तर दिवसांशी तुलना करा. 'स्टीम' या गेमच्या दुकानाने २०२३पासून आणखी एक सोय दिली आहे. एकाच वाय-फायवर दोन लॅपटॉप असतील आणि दोघांनीही तो गेम विकत घेतलेला असेल, तर एकाकडून दुसऱ्याकडे तो थेट उतरतो, बाहेरचे नेट जवळजवळ खर्च न करता. माझा भाचा सुटीत घरी येतो तेव्हा दानापूरचा दोस्त त्याच्याकडे मुक्कामाला असतो, त्याचे हे रहस्य. शेजाऱ्याच्या विहिरीवरून पाणी भरण्याची आपली जुनी रीत आहे.

आणखी एक. लॅपटॉप गेमसाठी म्हणून येतो, पण वर्षभरात तो घराचा होतो. सातबाऱ्याच्या प्रती, पीकविम्याची पावती, लग्नाचे फोटो, आजीचा आवाज, सगळे त्यातच जाते. इथे टाकी मोठी असून उपयोग नाही. एसएसडी जाते तेव्हा बहुधा कुरकुर न करता एकदम जाते, आणि तिच्यावरून पुसलेले परत मिळणे जुन्या हार्ड डिस्कपेक्षा फार अवघड. गेम गेला तर पुन्हा उतरवता येईल, पंच्याहत्तर दिवसांनी का होईना. आजीचा आवाज कोणत्याही दुकानातून उतरत नाही. तो दुसऱ्या एका डिस्कवर, दुसऱ्या घरात ठेवा. ही जागा फार लागत नाही.

दुकानात जाल तेव्हा पैसे देण्याआधी लॅपटॉप चालू करायला सांगा. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सवर दाबले की मेमरीच्या पानावर रॅम किती ते दिसते आणि डिस्कच्या पानावर ती एसएसडी आहे का आणि किती जीबीची, हे दिसते. मग दोन प्रश्न विचारा: डिस्कच्या खाचा किती, आणि आपण डिस्क बदलली तर वॉरंटी राहते का. उत्तर तोंडी मिळाले तर ते बिलाच्या मागे लिहून, सही घेऊन मगच निघा.