झोपून चढलेला घाट

(गणेशोत्सवात सभासदांच्या अनुभवकथनाच्या संध्याकाळी केलेले भाषण)



मला पंधरा मिनिटं दिली आहेत. माझ्यानंतर मुलांचे नाच आहेत आणि पडद्याआडून चार-पाच छोटे मावळे माझ्याकडे "काका, आटपा" अशा नजरेनं बघताहेत. तेव्हा थेट विषयाला हात घालतो.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला बंगळूरच्या रस्त्यावर एका विचित्र वाहनावर पाहिलं असेल. आरामखुर्चीला दोन चाकं लावावीत, तसं ते दिसतं. पाठ मागे टेकलेली, पाय समोर लांब केलेले, पेडल पुढच्या चाकाच्याही पुढे, आणि मागे उंच काठीवर भगवा झेंडा. लॉरीवाल्याला खाली कोणीतरी आहे हे कळावं म्हणून तो झेंडा. या सायकलला रिकंबंट म्हणतात. सिग्नलला थांबलो की पहिला प्रश्न येतो, "एन सार इदु?" म्हणजे हे आहे तरी काय? दुसरा प्रश्न किमतीचा. आमच्या सोसायटीतल्या एका आजोबांनी मात्र वेगळंच विचारलं, "झोप लागत नाही का हो?" मी म्हटलं, "आजोबा, उंदरावर बसून जाणाऱ्या देवाला आपण वाहनाबद्दल कधी काही विचारतो का?"

आता ही सायकल माझ्याकडे आली कशी ते सांगतो. २०१६ साली माझ्या कमरेतली चकती सरकली. त्याआधी वीस वर्षं मी सायकलनं ऑफिसला जात होतो. डॉक्टरांनी पुढे वाकून सायकल चालवणं बंद केलं. सहा महिने मी खिडकीत बसून दुसऱ्यांच्या सायकली बघितल्या. घरात मी किती चिडचिडा झालो होतो, ते इथे पहिल्या रांगेत बसलेली माझी पत्नी सांगेल. तिचा भाऊ नेदरलँड्समध्ये असतो. डच भाषेत या सायकलला 'लिगफीट्स' म्हणतात, म्हणजे पडून चालवायची सायकल. त्याने तिथली एक जुनी सायकल सुटी करून खोक्यातून आणली. डॉक्टरांना फोटो दाखवला. ते म्हणाले, "पाठ टेकलेली राहील, करून बघा. पण दुखलं की थांबायचं." एकावन्नाव्या वर्षी मी पार्किंगमध्ये पुन्हा सायकल शिकलो. पडलोही. बघायला सोसायटीतली सगळी मुलं असायची.

मित्रहो, ही सायकल म्हणजे आजकालचं खूळ नाही. १९३३ साली पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर नावाच्या, फारसा नावाजलेला नसलेल्या खेळाडूने शार्ल मोशे यांनी बनवलेल्या अशाच सायकलवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापलं. त्याआधीचा विक्रम होता ऑस्कर एग यांचा, ४४.२४७ किलोमीटरचा, आणि तो १९१४ पासून कोणाला मोडता आला नव्हता. झोपून चालवणाऱ्याने तो मोडला म्हटल्यावर गदारोळ झाला. १९३४ मध्ये सायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं सायकलची व्याख्याच अशी केली की ही सायकल अधिकृत शर्यतींतून बाद झाली. आपल्याला ती फारशी दिसत नाही, त्याचं हे एक मोठं कारण.

सपाटीवर ती वेगवान का? तर जोरात जाणाऱ्या सायकलस्वाराची खरी झुंज वाऱ्याशी असते. तुम्ही छातीवर वारा घेता, मी त्याच्या खालून निसटतो. पण घाट लागला की हिशेब उलटतो. ताशी सहा किलोमीटरला वारा कुठला आडवा येणार? तिथे प्रश्न उरतो वजनाचा. इतरांच्या सायकली नऊ-दहा किलोच्या, माझी सोळा. इतरांना पेडलवर उभं राहून अंगाचा भार टाकता येतो. मला उभंच राहता येत नाही, जे करायचं ते फक्त पायांनी. शिवाय वेग अगदी कमी झाला की तोल जातो. तीन चाकांची रिकंबंट मिळते, ती कितीही हळू चालवा, पडत नाही. माझी दोन चाकांची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, चढावर एकदा थांबलात की झोपलेल्या अवस्थेतून पुन्हा निघणं महाकठीण. एक पाय पेडलवर, दुसरा जमिनीवर, तो उचलेपर्यंत सायकल आडवी.

हे सगळं माहीत असूनही २०१९ च्या जानेवारीत मी बारा जणांच्या गटाबरोबर निलगिरीला निघालो. पाच दिवस, साडेतीनशे किलोमीटर. कन्नड, तमिळ, मराठी असा मिश्र गट. आमच्यात वडीलधारे एक निवृत्त बँक अधिकारी, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. सर्वांत लहान एक इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, मराठीच. निघायच्या आदल्या रात्री माझ्या आईनं जुना झेंडा काढून भगव्या कापडाचा नवा शिवून दिला. आईचं माहेर सासवडचं. म्हणाली, "ही तुझी पताका."

पहिल्या दिवशी कनकपुरा, मळवळ्ळीमार्गे म्हैसूर, साधारण एकशे पंचेचाळीस किलोमीटर. समोरून वारा होता. मला काय हवं होतं? मी जो सुटलो तो मळवळ्ळीला जाऊनच थांबलो. बाकीचे पोचले तेव्हा माझी दुसरी कॉफी चालली होती. त्यांच्यातले दोघे उलट्या वाऱ्यानं पार दमले होते. अण्णा माझ्या शेजारी बसले आणि शांतपणे म्हणाले, "तुझी सायकल फार छान आहे. ती आज कोणाबरोबर निघाली होती, तेवढं फक्त सांग."

मी हसून वेळ मारून नेली. पण ते वाक्य मला लागलं.

दुसऱ्या दिवशी म्हैसूर ते गुंडलुपेट. पुढे बंदीपूर आणि मुदुमलाईचं जंगल. हत्तींच्या वाटेवरून सायकली नेणं शहाणपणाचं नाही, म्हणून तेवढा टप्पा सायकली टेम्पोत घालून पार केला आणि मसिनगुडीला मुक्काम केला.

तिसरा दिवस कल्हट्टी घाटाचा. मसिनगुडी साधारण हजार मीटर उंचीवर, उटी सव्वादोन हजारांच्या आसपास. अंतर जेमतेम तीस किलोमीटर, पण बहुतेक चढ मधल्या थोड्याशा पट्ट्यात, आणि त्यात हेअरपिन वळणं छत्तीस. सकाळी साडेसहाला निघालो. पायथा सोडून वीस मिनिटांत मी एकटा पडलो. वर कुठूनतरी इतरांचे आवाज यायचे, मग तेही थांबले. मागे आमचा टेम्पो पहिल्या गियरमध्ये गुरगुरत होता. ड्रायव्हर मधूनमधून डोकं बाहेर काढून विचारायचा, "सार, जागा आहे."

वळणं मी मनात मोजत होतो. अकराव्याला पुढचं चाक डगमगलं आणि मी पडलो. लागलं नाही. उठून पुन्हा निघायचा प्रयत्न केला, पडलो. तिसऱ्यांदा पडलो. कंबर दुखत नव्हती, हे मी आज प्रामाणिकपणे सांगतो. कारण त्या क्षणी मी मनात वाक्य तयार करत होतो, "डॉक्टरांनी सांगितलंय, दुखलं की थांबायचं." टेम्पोत बसायला यापेक्षा सभ्य कारण कुठलं मिळणार?

तेवढ्यात वरून ती मुलगी चालत आली. सायकल पुढच्या वळणावर ठेवून आली होती. मी माझं वाक्य बोलायला तोंड उघडलं, त्याआधीच ती म्हणाली, "काका, सीट मी धरते. तुम्ही फक्त दोन्ही पाय पेडलवर ठेवा."

लहान मुलाला सायकल शिकवताना बाप मागून धरतो ना, तसं त्रेपन्न वर्षांच्या माणसाला वीस वर्षांच्या मुलीनं धरलं. चार पावलं धावली, सोडलं, मी निघालो. पुढच्या वळणावर पुन्हा थांबलो. ती मागून आली, सायकल कडेला लावली, पुन्हा धरलं. असं चौदा वेळा झालं. तीन वळणं तर मी सायकल ढकलत चाललो. तिच्या डोळ्याला डोळा द्यायची मला लाज वाटत होती.

तलैकुंद्याला हा रस्ता उटीच्या मुख्य रस्त्याला मिळतो. जानेवारीत तिथे पहाटे दव गोठतं. आम्ही पावणेबाराला पोचलो. बाकीचे दहा जण साडेनऊपासून तिथेच होते. उटी जवळच होती, गरम पाणी, जेवण सगळं तिथे. कोणीही पुढे गेलं नव्हतं. घामानं भिजलेले कपडे अंगावर घेऊन, थंड वाऱ्यात, चहाच्या टपरीशी सव्वादोन तास. अण्णांनी माझ्या हातात चहा दिला आणि म्हणाले, "साखर जास्त सांगितली आहे." मळवळ्ळीचं नाव त्यांनी काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

रात्री उटीहून आईला फोन केला. सगळं सांगितलं, आणि लाज वाटली हेही सांगितलं. आई म्हणाली, "अरे, दिवे घाटात माउलींच्या रथालासुद्धा जादा बैलजोड्या लावतात. आम्ही लहानपणी बघायला उभं राहायचो. त्यात माउलींना कधी कमीपणा आला नाही. तुला कसला आला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री झोप मात्र चांगली लागली.

चौथ्या दिवशी कोटगिरी, कुन्नूर करून पुन्हा उटी. आणि पाचव्या दिवशी नडुवट्टमवरून गुडलूरला उतरायचं. उतार म्हणजे माझं राज्य. वजनदार सायकल, वाऱ्याला अडथळा नाही, ब्रेक दाबला तरी हँडलवरून डोक्यावर पडायची भीती नाही. सगळे म्हणाले, तू पुढे हो. मी निघणार, एवढ्यात पाहिलं, ती मुलगी दोन्ही ब्रेक घट्ट धरून उभी होती. आदल्या वर्षी ती एका उतारावर पडली होती आणि मनगट मोडलं होतं. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा सांगितलं.

मी म्हटलं, "माझ्या मागे ये. रस्त्याकडे बघून भीती वाटली तर झेंड्याकडे बघ. झेंडा वळेल तिथे वळायचं, झेंडा थांबेल तिथे थांबायचं." सुटं सोडलं असतं तर साठच्या वेगानं गेलो असतो. आम्ही वीसच्या वेगानं उतरलो. दर तीन-चार किलोमीटरला ब्रेक थंड करायला थांबलो. माझे हात भरून आले. गुडलूरला आम्ही दोघं सगळ्यांत शेवटी पोचलो. कोणी काही विचारलं नाही. चहा तयार होता.

माझी आई २०२१ साली गेली. झेंडा तोच आहे, दोनदा टाके घालून घेतले आहेत. ती मुलगी आता नोकरीनिमित्त हैदराबादला असते. दर जानेवारीला घाटावर भेटतो. मी अजूनही चढावर शेवटीच असतो, पण आता सपाटीवर मळवळ्ळीपर्यंत एकटा सुटत नाही.

छोटे मावळे फारच चुळबुळ करायला लागलेत, म्हणून थांबतो. सायकल बाहेर मंडपाशेजारी लावली आहे. कार्यक्रम संपला की मुलांनी खुशाल बसून बघावं. अट एकच. एकानं बसायचं, आणि दुसऱ्यानं मागून सीट धरायची.

गणपती बाप्पा मोरया!