संगणक बदलताना आज्ञावलीच्या परवान्याचा विचार



शाळेतील संगणक निकामी होतो, त्याच्या जागी नवा येतो, आणि मुख्याध्यापकांपुढे प्रश्न उभा राहतो : जुन्या यंत्राबरोबर मिळालेली विंडोज ही आज्ञावली नव्या यंत्रावर चढवावी काय? तिची किंमत शाळेने एकदा मोजलेली आहे. प्रश्न रास्त आहे. परंतु उत्तर बहुधा नकारार्थी आहे, आणि त्याचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे.

बिऱ्हाड बदलताना टेबल-खुर्च्या बरोबर नेता येतात. भिंतींना दिलेला रंग नेता येत नाही. आज्ञावलीच्या परवान्यांचेही असेच दोन प्रकार आहेत. कारखानदाराने यंत्रात आधीच भरून दिलेल्या विंडोजचा परवाना त्या यंत्राशीच निगडित असतो. 2012 साली विंडोज 8 आल्यापासून तर तिचा किल्ली-क्रमांक बहुधा मदरबोर्डातच साठविलेला असतो. ते यंत्र दुसऱ्या शाळेस दिले, तर परवाना त्याच्याबरोबर जातो. यंत्र मोडीत निघाले, तर परवानाही संपतो. दुकानातून स्वतंत्रपणे विकत घेतलेला परवाना मात्र जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येतो. तोही एका वेळी एकाच यंत्रावर.

म्हणून यंत्र बंद पडताच निर्लेखनाची घाई करू नये. बिघाड केवळ हार्ड डिस्कचा असेल, तर ती बदलून त्याच यंत्रावर विंडोज पुन्हा चढविता येते. नवा परवाना घ्यावा लागत नाही.

यंत्रच गेले आणि निधी नसला, म्हणजे कोणीतरी चोरटी प्रत फुकट चढवून देण्यास पुढे येतो. तेथे मोह आवरला पाहिजे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे अशी प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे. शिवाय परीक्षेत नक्कल करू नये असे सांगणाऱ्या शिक्षकाच्याच टेबलावर नक्कल दिसली, तर मुलांनी कोणता पाठ घ्यावा? निर्धन शाळेसही सरळ मार्ग मोकळा आहे. लिनक्सवर आधारलेल्या उबंटू, डेबियन यांसारख्या प्रणाली आणि लेखन-हिशेबासाठी लिबरऑफिस ही विनामूल्य मिळतात व कितीही यंत्रांवर चढविता येतात. मराठी लेखनही त्यांत होते. केरळ राज्यातील शासकीय शाळांनी हाच मार्ग अनुसरला आहे.

खरेदीच्या वेळी परवाना यंत्राशी बांधलेला आहे की स्वतंत्र, हे विक्रेत्यास विचारून बिलावर लिहून घ्यावे, आणि त्याची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत करावी. विद्यार्थ्यांच्या याद्या, निकालपत्रके आणि शिक्षकांनी तयार केलेले पाठ ही मात्र सर्वस्वी शाळेची मालमत्ता होय. त्यांची एक प्रत यंत्राबाहेर, निराळ्या साधनावर, नियमाने ठेवावी. विंडोज पुन्हा विकत घेता येईल; हरवलेली निकालपत्रके कोणत्याही दुकानात मिळणार नाहीत.