चिंतेवरील औषधे : गुंगी आणि गुण



ज्या शाळेत वक्तृत्वस्पर्धेच्या वेळी माझे पाय लटपटत असत, तिथेच गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ चिंतेवरील औषधांविषयी बोलण्याचा योग यावा, हे मी माझे भाग्य समजतो.

माझ्या मातोश्री अकरा वर्षे रोज रात्री डायझेपामची गोळी घेत असत. एकदा यात्रेत गोळ्या संपल्या. आठवड्याभरात हातांना कंप सुटला, झोप उडाली. आम्हांस वाटले, जुना आजार उलटला. वस्तुतः ती औषध अचानक तुटल्याची लक्षणे होती. एकोणिसाव्या शतकात अफूची मोठी पेठ असलेल्या उज्जैनच्या माणसाला तरी हे उमगायला हवे होते!

डायझेपाम हे बेन्झोडायझेपिन वर्गातले औषध. मेंदूतील ‘गाबा’ या द्रव्याचा शामक प्रभाव ते वाढवते. आराम लवकर पडतो, आणि मोह नेमका त्याचाच जडतो. या वर्गाबाहेरची औषधे निराळ्या वाटांनी जातात. प्रोप्रॅनोलॉल हृदयावरील अॅड्रिनलिनचा परिणाम अडवते. धडधड थांबते, मनातील काळजी मात्र तशीच राहते. दमेकऱ्यांना ते वर्ज्य आहे. हायड्रॉक्झिझिन हिस्टामिनला रोखते, म्हणून सुस्ती आणते. अमेरिकेत १९८६ साली मान्यता मिळालेले बुस्पिरोन सेरोटोनिनच्या विशिष्ट ग्राहींवर कार्य करते. त्याची सवय लागत नाही. परंतु गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात.

तथापि, निराळा वर्ग म्हणजे निर्धोक औषध, असे समजू नये. १९५५ साली बाजारात आलेल्या मेप्रोबामेटनेही लोकांना सवय लावली. आपल्या सर्पगंधेतून १९५२ साली वेगळे काढलेले रेसर्पिन मन शांत करी. पण ते घेणाऱ्या काहींना खिन्नतेने ग्रासल्याच्याही नोंदी आहेत.

डायझेपाम तुटल्याचा त्रास बुस्पिरोनने भागत नाही. म्हणून डॉक्टरांनी मातोश्रींची जुनी मात्रा कित्येक महिने थोडी थोडी उतरवली आणि सोबत बुस्पिरोन सुरू केले. “ही गोळी काहीच करीत नाही,” अशी त्यांची तक्रार तीन आठवडे चालली. मी औषधशास्त्राचा अध्यापक, तरी माझाही धीर सुटत आला होता. पुढे एका सकाळी तुळशीला पाणी घालताना त्या म्हणाल्या, “अरे, काल काळजी करायची राहूनच गेली.”

गुरुजी गणिताचे उत्तर कधी आयते सांगत नसत. आम्ही रागावत असू. आज त्यांचे ऋण मान्य करून मी आपली रजा घेतो.